जमिनीची दावण

खतांच्या दुकानांत अलीकडे पोत्यांपेक्षां बाटल्या आणि पुड्याच अधिक नजरेस पडतात. एकींत जस्त, दुसरींत लोह, तिसरींत कॅल्शियम. एकीवर 'चिलेटेड' असा शिक्का, तर दुसरीवर 'ह्यूमिक' असें नांव. पीक पिवळें पडलें, फळ तडकलें किंवा फुटवा कमी आला कीं शेतकरी दुकानीं जातो आणि एखादी बाटली घेऊन परत येतो. धातूंचीं हीं खतें निरुपयोगी आहेत, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पिकास त्यांची गरज अल्प असली तरी अपरिहार्य असते, हें पूर्णपणें सिद्ध झालेलें आहे. परंतु धातु जमिनींत टाकणें ही एक गोष्ट, आणि तो मुळांस मिळेल अशा रीतीनें तेथें टिकणें ही दुसरी गोष्ट. ह्या दुसऱ्या गोष्टीचा विचार फारच थोडे करतात. नवीं जनावरें घेण्यापूर्वीं आपण गोठा व दावण पाहतों. त्याचप्रमाणें धातूंचीं खतें घेण्यापूर्वीं शेतकऱ्यानें आपल्या जमिनीची दावण पाहावी, एवढेंच सुचविण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

ही दावण कसली, हें समजण्यास प्रयोगशाळेंत जाण्याचें कारण नाहीं. स्वयंपाकघर पुरे आहे. ज्या गांवीं विहिरीचें पाणी जड, तेथें तुरीची डाळ शिजतां शिजत नाहीं, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतें. तीच डाळ पावसाच्या हलक्या पाण्यांत लवकर मऊ होते, आणि जड पाण्यांतही चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला म्हणजे शिजूं लागते. ह्याचें कारण असें कीं, डाळीच्या पेशी एकमेकींस ज्या द्रव्यानें चिकटलेल्या असतात त्यांत पेक्टिन मुख्य आहे. ब्राकोनो नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञानें त्यास १८२५ सालीं हें नांव दिलें. पेक्टिन म्हणजे साखरेच्या जातीच्या एका आम्लाचे असंख्य मणी एकापुढें एक ओंवून झालेली लांब सांखळी होय. सजीवांच्या शरीरांत तयार होणाऱ्या अशा लांब सांखळ्यांस जैव बहुवारिकें म्हणतात. पेक्टिनच्या मण्यांवर जे आम्लगट असतात त्यांवर पाण्यांत ऋण विद्युद्भार येतो. उलट पाण्यांत विरघळलेल्या कॅल्शियमचा प्रत्येक कण दोन धन भार घेऊन फिरत असतो. अशा भारित कणांस आयन म्हणतात. ऋण भाराची सांखळी धन भाराच्या आयनास आपल्याकडे ओढते. आणि कॅल्शियमला जणूं दोन हात असल्यामुळें तें एका हातानें एक सांखळी व दुसऱ्या हातानें दुसरी सांखळी धरून दोहोंस बांधून टाकतें. जड पाण्यांत कॅल्शियम विपुल असतें, म्हणून डाळीच्या पेशी सुट्या होत नाहींत. सोडा टाकला म्हणजे कांहीं कॅल्शियम चुनखडीच्या रूपानें निवळतें, कांहीं जागा सोडियम पटकावतें, आणि पाणी अल्कधर्मी झाल्यामुळें खुद्द पेक्टिनही तुटूं लागतें. सोडियमला हात एकच. त्यामुळें त्यास दोन सांखळ्या जोडतां येत नाहींत, आणि डाळीचें वरण होतें. आग्र्याचा पेठा करणारे हलवाई कोहळ्याच्या फोडी शिजविण्यापूर्वीं चुन्याच्या पाण्यांत भिजत घालतात तें उलट कारणासाठीं. कॅल्शियमनें बांधलेली फोड पाकांत विरघळून जात नाहीं.

दावणीचा दृष्टांत आम्ही एवढ्यासाठींच घेतला आहे. भारित सांखळी ही दावण, तिच्यावरील आम्लगट हे खुंटे आणि धातूंचे आयन हीं जनावरें. आतां गोठ्यांतील जनावरें दोन प्रकारें राहूं शकतात. कांहीं मोकळीं असतात, आवारांत इकडून तिकडे हिंडतात, पण कुंपणाबाहेर जात नाहींत. कांहीं खुंट्यास दाव्यानें बांधलेलीं असतात. आयनांचेंही तसेंच आहे. अमेरिकन रसायनज्ञ जेराल्ड मॅनिंग यांनीं १९६९ सालीं गणितानें दाखवून दिलें कीं, सांखळीवरील भार एका मर्यादेपेक्षां दाट झाला म्हणजे आयन तिच्याभोंवतीं आपोआप जमा होतात. ते तिच्या लांबीभर हिंडतात, पण तिला सोडून दूर जात नाहींत. येथें आयन कोणत्या जातीचा आहे यापेक्षां त्याच्यावर किती भार आहे ह्यास महत्त्व असतें, आणि दोन भारांचा आयन एक भाराच्या आयनास सहज हटवितो. दुसरा प्रकार खऱ्या बंधनाचा. १९७३ सालीं ग्रँट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें मांडलें कीं, अशा जातीच्या दोन सांखळ्या समोरासमोर आल्या म्हणजे त्यांच्या नागमोडींत खोलगट कप्पे तयार होतात आणि अंडीं ठेवण्याच्या पेटींत अंडें बसावें तसें कॅल्शियम त्यांत नेमकें बसतें. मॅग्नेशियमचाही भार दोनच. पण तें ह्या कप्प्यांत नीट बसत नाहीं, म्हणून त्याची पकड ढिली राहते. तात्पर्य, भार किती आहे आणि कण कप्प्यांत किती नेमका बसतो, ह्या दोन गोष्टींवर पकड अवलंबून असते. पुढील सर्व विवेचन ह्या एका वाक्याचाच विस्तार आहे.

स्वयंपाकघरांतून आतां शेतांत येऊं. जमीन धातूंस धरून ठेवते व एकाच्या बदल्यांत दुसरा सोडते, हा शोध प्रथम एका जमीनदार शेतकऱ्याच्या प्रयोगांतून निघाला, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. इंग्लंडांत यॉर्कशायरचे एच. एस. थॉम्प्सन यांनीं मातीनें भरलेल्या नळींत अमोनियम सल्फेटचें पाणी ओतलें, तों खालून जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचें सल्फेट, बाहेर आलें. अमोनिया मातींत अडकला आणि त्याच्या मोबदल्यांत मातीनें चुन्याचा अंश सोडला. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ जे. टी. वे यांनीं ह्या गोष्टीचा कसोशीनें पाठपुरावा केला, आणि दोघांचे लेख त्या संस्थेच्या नियतकालिकांत १८५० सालीं प्रसिद्ध झाले. वे यांनीं ह्या शक्तीचें श्रेय चिकणमातीस दिलें. कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचा वांटा किती मोठा आहे हें पुढें स्पष्ट झालें. आपल्या काळ्या जमिनींतील चिकणमातीच्या दर १०० ग्रॅमांत सुमारें ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट इतके धन भार राहूं शकतात. पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यांत त्याच्या साधारण दुप्पट, म्हणजे २०० च्या आसपास. कोंकणांतील जांभ्या जमिनीच्या चिकणमातींत हा आंकडा अगदींच थोडका, बहुधा १५ च्याही आंत असतो. म्हणजे देशावरच्या शेतकऱ्यास काळ्या मातीनें एक दावण उपजतच दिलेली आहे. कोंकणांतील शेतकऱ्याची तर जवळजवळ सारी दावण कुजलेल्या पाल्याचीच.

हें कुजलेलें द्रव्य प्रचंड आकाराच्या सांखळ्यांचें असतें, असें शंभराहून अधिक वर्षें मानलें जात होतें. २०१५ सालीं लेमन व क्लेबर ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं ह्या मतास हरकत घेतली. त्यांच्या मतें जमिनींत वनस्पतींचे व सूक्ष्म जंतूंचे लहानमोठे अवशेष कुजण्याच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर असतात आणि मातीच्या कणांस चिकटून टिकतात. हा वाद विद्वानांचा आहे. आपल्या कामापुरता मुद्दा दोन्ही पक्षांस मान्य आहे: अवशेष लहान असो वा मोठा, तो जसजसा कुजतो तसतसे त्यावर ऋण भाराचे आम्लगट वाढत जातात, आणि धातूंस धरतात ते तेच. त्यांतून व्यवहाराचा एक धडाही निघतो. दावण एकदां विकत आणून कायमची बसवितां येत नाहीं. ती सदैव झिजत असते आणि सदैव नव्यानें वळावी लागते. आपल्या उष्ण हवेंत ती झिजते अधिक, म्हणून वळावीही अधिक लागते.

दावण नुसती असून भागत नाहीं. तिच्यावर जनावर कोणतें बांधलें आहे हेंही पाहावें लागतें. नीरा कालव्याच्या व कृष्णा-पंचगंगेच्या कांठच्या भागांत अतिपाण्यानें व क्षारांनीं बिघडलेल्या जमिनी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस हें सांगणें नको. चोपण जमीन म्हणजे दुसरें कांहीं नसून सोडा टाकलेली डाळ आहे. निरोगी जमिनींत कॅल्शियम आपल्या दोन हातांनीं चिकणमाती आणि सेंद्रिय द्रव्य यांस एकत्र धरून ठेवतें. त्यामुळें मातीची रवाळ घडण होते आणि हवा व पाणी आंत खेळतें. खारट पाण्यानें व निचऱ्याच्या अभावीं सोडियम सांचत गेलें म्हणजे तें कॅल्शियमला हुसकावून लावतें. एक हाताच्या सोडियमकडून कणांस कण जोडला जात नाहीं. माती विरघळल्यासारखी होते, पावसांत चिखल आणि उन्हांत वीट बनते. इतकेंच नव्हे, तर सेंद्रिय द्रव्यही सुटून पाण्याबरोबर वर येतें आणि जमिनीवर काळसर डाग पडतात. कॅलिफोर्नियांत हिल्गार्ड यांनीं एकोणिसाव्या शतकांत अशाच काळ्या क्षाराच्या जमिनींचा अभ्यास करून जिप्समचा उपाय सांगितला. सामान्यतः जमिनीच्या एकंदर धारणशक्तीपैकीं शेंकडा १५ हून अधिक जागा सोडियमनें व्यापल्या म्हणजे ती चोपण समजतात. भारी काळ्या जमिनींत त्याहून कमी प्रमाणांतही त्रास दिसूं लागतो.

अशा जमिनींत जस्ताची बाटली ओतणें म्हणजे दावण तुटलेल्या गोठ्यांत नवीं जनावरें सोडणें होय. तेथें आधीं निचऱ्याचे चर काढावे, परीक्षणांत ठरेल तितकें जिप्सम घालावें, हिरवळीचें खत गाडावें आणि हटलेलें सोडियम पाण्याबरोबर बाहेर घालवावें. चर न काढतां जिप्सम टाकणारा शेतकरी सोडियमला खुंट्यावरून सोडतो खरा, पण गोठ्याचें दार बंद ठेवतो. ह्या ठिकाणीं आमची एक स्पष्ट तक्रार आहे. केंद्र सरकारनें २०१५ सालीं सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेंत ज्या १२ बाबी ठरविल्या, त्यांत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबें, मंगल आणि बोरॉन हीं आहेत. सोडियम नाहीं आणि कॅल्शियमही नाहीं. कोरडवाहू गांवांत ह्यानें फारसें बिघडत नसेल. परंतु कालव्याखालच्या गांवांत जमिनीची प्रकृति सांगणाऱ्या पत्रिकेंत सोडियमचा रकाना नसावा, हें नाडी न पाहतां औषध देण्यासारखें आहे. बागायती भागांतील सोसायट्यांनीं व कारखान्यांनीं आपल्या सभासदांच्या जमिनींची आणि विहिरींच्या पाण्याची सोडियमसाठीं वेगळी तपासणी करवून घ्यावी, आणि पत्रिकेंत तो रकाना घालण्याविषयीं सरकारास आग्रहानें लिहावें.

आतां जस्त व लोह यांकडे वळूं. पिकास जस्त किती थोडें लागतें आणि तें न मिळाल्यास किती मोठी हानि होते, ह्याचा दाखला आपल्याच देशांतला आहे. उत्तरेंतील तराई भागांत भाताच्या पानांवर तांबूस डाग पडून पीक खुरटत असे. त्या रोगास खैरा म्हणत. पंतनगरच्या कृषि विद्यापीठांतील शास्त्रज्ञ य. ल. नेने यांनीं १९६६ सालीं दाखवून दिलें कीं, हा रोग जंतूंमुळें होत नसून जस्ताच्या उणिवेमुळें होतो, आणि जस्त सल्फेट दिल्यानें तो बरा होतो. तेव्हां जेथें जस्त खरोखर नाहीं तेथें तें दिलेंच पाहिजे; नुसत्या शेणखताचें गुणगान तेथें उपयोगी पडत नाहीं. रिकाम्या दावणीस कोणी धार काढीत नाहीं.

परंतु आपल्या पुष्कळ चुनखडीच्या जमिनींत जस्त व लोह नसतें असें नाहीं. तें न विरघळणाऱ्या रूपांत पडून असतें. प्रयोगशाळेंत ह्याची परीक्षा कशी करतात, हें मनोरंजक आहे. डीटीपीए नांवाचें एक द्रव्य मातींत घालतात. तें आपल्या अनेक हातांनीं धातूस पकडून बाहेर काढतें, आणि त्यावरून मुळांस किती धातु मिळूं शकेल ह्याचा अजमास बांधतात. लिंडसे व नॉर्वेल यांनीं ही पद्धति १९७८ सालीं विस्तारानें प्रसिद्ध केली. ह्या परीक्षेंत मातीच्या दर दशलक्ष भागांत जस्त साधारण ०.६ भागाहून कमी निघालें तर जमीन जस्तास उणी समजतात. हें काम शेतांत कुजणारें सेंद्रिय द्रव्य आपल्या परीनें करीतच असतें. त्याचे आम्लगट धातूस धरतात, चुन्याच्या तावडींतून राखतात आणि मुळांपाशीं सोडतात. ह्यासाठींच उंसाकरितां अशी शिफारस आहे कीं, हिराकस व जस्त सल्फेट नुसतें न टाकतां एकास दहा या प्रमाणांत चांगल्या कुजलेल्या शेणखतांत मिसळून आठ-दहा दिवस मुरवावें आणि मग सरींत द्यावें. ह्या मुरविण्यास पैसा पडत नाहीं. आठवडाभर धीर मात्र धरावा लागतो. उंसावर केवडा दिसतांच घाईनें हिराकस फेंकणाऱ्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

बाटलीवरील 'चिलेटेड' ह्या शब्दाचा अर्थही याच संदर्भांत लावला पाहिजे. ग्रीक भाषेंतील खेकड्याच्या नांगीच्या शब्दावरून तो मॉर्गन व ड्रू यांनीं १९२० सालीं बनविला. नांगीनें धरलेला धातु असा त्याचा भाव. पण नांगी कोणाची आहे, हें विचारल्याशिवाय शेतकऱ्यानें पैसे मोजूं नयेत. ईडीटीए ह्या द्रव्याशीं बांधलेलें लोह पानांवर फवारण्यास ठीक आहे. मात्र चुनखडीच्या, सामू आठाच्या आसपास असलेल्या जमिनींत तें टाकलें तर तेथील विपुल कॅल्शियम ती नांगी बळकावतें आणि लोह पुनः गंजासारखें होऊन बसतें. अशा जमिनींत ईडीडीएचए ह्या द्रव्याची पकड टिकते; पण तें महाग असतें. दोन्ही बाटल्यांवर 'चिलेटेड लोह' असेंच छापलेलें असतें. एक अक्षर न वाचल्यानें हजारों रुपये मातींत जातात, म्हणून आम्ही हें सविस्तर लिहीत आहों.

'ह्यूमिक' बाटलीचाही हिशेब करूं. एका एकराच्या वरच्या सहा इंच थरांत सुमारें ९ लाख किलो माती असते. तींत सेंद्रिय कर्ब शेंकडा अर्धा धरला तरी तो साडेचार हजार किलो होतो. एवढ्या दावणींत एखाद्या किलो ह्यूमिकची भर घातल्यानें जमिनीची धारणशक्ति वाढेल, असें मानणें म्हणजे विहिरींत तांब्याभर पाणी ओतून पातळी मोजण्यासारखें आहे. त्यापासून कोवळ्या मुळांस कांहीं उत्तेजन मिळत असेल तर तो प्रश्न वेगळा, आणि त्याची परीक्षा एक वाफा देऊन व एक वाफा न देतां प्रत्येकास आपल्या शेतांत घेतां येईल. दावण वाढविण्याचें काम मात्र गाडीभर काडीकचऱ्याचें आहे, बाटलीचें नव्हे.

पिकाच्या शरीरांतही हीच दावण असते, हें टोमॅटो करणाऱ्यांनीं विशेष लक्षांत घ्यावें. फळाचें बूड काळें पडून बसतें, तो रोग जंतूंचा नसून त्या भागांतील पेक्टिनला वेळेवर कॅल्शियम न मिळाल्याचा परिणाम असतो. त्यावरून जमिनींत कॅल्शियम नाहीं असा निष्कर्ष काढणें बहुधा चुकीचें ठरतें. आपल्या काळ्या जमिनींत तें भरपूर असतें. कॅल्शियम मुळांवाटे पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतें. पानें पाणी फार सोडतात म्हणून प्रवाह तिकडे जातो. फळ थोडें सोडतें म्हणून त्याच्या वांट्यास थोडें येतें. आणि पानांतील दावणीस एकदां बांधलेलें कॅल्शियम तेथून सुटून फळाकडे येत नाहीं. अशा स्थितींत एक पाळी चुकली, जमीन वाळली आणि पुढच्या पाळीस एकदम भरपूर पाणी दिलें, कीं त्या मधल्या दिवसांत वाढणाऱ्या फळाची भिंत बांधणीवांचून राहते. फवाऱ्यानें थोडा उपयोग होत असेल. पण पाण्याच्या पाळ्या नियमित ठेवणें व अमोनियाचीं खतें बेतानें देणें, हा मूळचा उपाय होय.

पकड जितकी घट्ट तितकें चांगलें, असा समज कोणी करून घेऊं नये. सेंद्रिय द्रव्याची पकड सोडियमवर सर्वांत ढिली, कॅल्शियमवर मध्यम, जस्तावर त्याहून अधिक आणि तांब्यावर फारच घट्ट असते. डेन्मार्क व हॉलंड येथें नव्यानें लागवडीस आणलेल्या, सेंद्रिय द्रव्यानें भरलेल्या जमिनींत पिकांस तांबें मिळेना, तें ह्यामुळेंच. उलट फ्रान्सांतील द्राक्षमळ्यांत १८८५ सालापासून बोर्डो मिश्रणाचा प्रसार झाला, आणि त्यांतील मोरचुदाचें तांबें वरच्या मातीच्या सेंद्रिय द्रव्यास घट्ट बांधलें जाऊन पिढ्यान्‌पिढ्या सांचत राहिलें. आपल्याकडील द्राक्ष बागाईतदारांनीं हें उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावें. तांबें पावसानें धुऊन जाईल ह्या भरंवशावर राहूं नये. दर कांहीं वर्षांनीं बागेच्या मातींतील तांबें मोजवून घ्यावें. कोणतें जनावर सुटून जाईल आणि कोणतें दावणीस कायमचें अडकेल, हें ओळखण्यांतच खरी शेतकी आहे.

शेवटीं ह्या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उंसाची तोड झाली कीं पाचटास काडी लावण्याची रीत अद्याप पुष्कळ ठिकाणीं चालू आहे. राखेंतही खत असतेंच, असें त्याचें समर्थन केलें जातें. तें अर्धें खरें आहे. राखेंत पालाश, चुना व इतर धातु राहतात. पण त्यांस धरून ठेवणारी दावण धुराबरोबर निघून जाते. जनावरें ठेवून गोठा जाळावा, असा हा व्यवहार आहे. त्यानंतर तोच शेतकरी पावसाळ्यांत धातूंच्या पुड्या विकत घेतो, आणि त्या जमिनींत कां टिकत नाहींत म्हणून खेद करतो. पाचट सरींत आड ठेवून, त्यावर थोडा युरिया व स्फुरदाचें खत टाकून तें कुजूं दिलें, तर शेणखताच्या टंचाईचा अर्धा प्रश्न आपल्याच शेतांत सुटतो.

आम्हांस असें विचारण्यांत येईल कीं, जनावरें कमी झालीं, शेणखत महाग झालें, ताग-धैंचा घेण्यास हंगाम मोकळा सांपडत नाहीं. मग दावण वळावी कशानें? ह्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या लहान लेखण्याची आमची इच्छा नाहीं. तरी पाचट, तुरीच्या काड्या, सोयाबीनचें भूस, बांधावरचा गिरिपुष्पाचा पाला, इतक्या वस्तु ज्याच्या त्याच्या शेतांत आहेत, आणि त्यांपैकीं बऱ्याचशा आज जाळल्या किंवा फुकट दिल्या जातात. दरसाल सर्व शेत न झालें तरी चौथा हिस्सा घेतां येईल. चार वर्षांत एक फेरा पुरा होईल. बाटलीस लागणारा पैसा एकाच हंगामापुरता असतो. दावणीवर केलेला खर्च पुढच्या प्रत्येक खतास उपयोगी पडतो.

म्हणून आमचें सांगणें क्रमाचें आहे. प्रथम जमिनीची व पाण्याची परीक्षा करावी, आणि ती बागायतींत सोडियमसह करावी. चोपण असल्यास आधीं चर व जिप्सम. नंतर जें कुजण्याजोगें आहे तें जाळूं नये, जमिनींत जिरवावें. मग परीक्षेंत जो धातु उणा निघेल तेवढाच, शेणखतांत मुरवून द्यावा. ह्या सर्वांनंतरही जरूर राहिली तर बाटली घ्यावी, आणि ती घेतांना नांगी कोणती आहे हें वाचून घ्यावी. आज बहुतेक ठिकाणीं हा क्रम शेवटाकडून सुरू होतो. तो सुरुवातीकडून सुरू करणें शेतकऱ्याच्याच हातीं आहे, आणि त्यासाठीं येत्या तोडीनंतर पाचटास काडी न लावणें एवढ्यापासून आरंभ केला तरी पुरे.